तिसऱ्या हाकेला ओ

घरात मला कोणी हाक मारली तर मी पहिल्या हाकेला ओ देत नाही. दुसरीलाही नाही. बायकोने हे आधी माजोरीपणात धरलं, मग विसराळूपणात, आणि आता म्हातारपणात धरते. सून तर परवा कानाच्या डॉक्टरची वेळ ठरवून आली. कान माझे ठणठणीत आहेत. ही खोड मला डहाणूच्या कोर्टात नोकरीला असताना लागली, आणि ती लावणाऱ्याचं नाव हिराजी.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझी कीव करायला बरं पडेल.

महाराष्ट्र राज्य अजून व्हायचं होतं, पालघर जिल्हा तर कोणाच्या स्वप्नातही नव्हता. आम्ही ठाणे जिल्ह्याचं शेवटचं टोक. मी कोर्टात धाकटा कारकून म्हणून रुजू झालो आणि थोड्याच दिवसांत हिराजी पट्टेवाला म्हणून लागला. बुटका, छातीने रुंद, पाय किंचित फाकवून उभा राहणारा. जन्मभर होडीत उभ्या राहिलेल्या माणसाला जमीन सपाट मिळाली तरी पाय जवळ घ्यायचं सुचत नाही. खाकी कोट त्याला खांद्यात घट्ट व्हायचा आणि बाह्यांत लांब. छातीवरच्या तिरक्या पट्ट्याचा पितळी बिल्ला मात्र तो रोज राखेने घासायचा. एरवी इतकं हळू बोलायचा की कचेरी सांभाळणारे नाझरसाहेब त्याला दोनदा विचारायचे, "शुं कह्युं?" नाझरसाहेबांचं घर गुजराती, कचेरी मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम.

पण पट्टेवाल्याचं खरं काम पुकाऱ्याचं. खटला निघाला की व्हरांड्यात जाऊन वादी-प्रतिवादीची नावं तीनदा पुकारायची. आधीच्या पट्टेवाल्याला दमा होता. त्याचा पुकारा दाराबाहेर जेमतेम पडायचा आणि वकिलांचे कारकून पक्षकारांना हाताला धरून आणायचे. हिराजी आला आणि पहिल्याच दिवशी त्याने "हाजीर हो" म्हटलं तेव्हा व्हरांड्यासमोरच्या बदामावरचे कावळे उठले. आत न्यायाधीश साहेबांनी लेखणी खाली ठेवली. दर्यावर एका होडीतून दुसऱ्या होडीला घालायची हाक होती ती, भिंतीआड मावणारी नव्हती.

त्याची पुकारायची एक रीत होती. पहिली हाक बाजाराकडे तोंड करून, दुसरी स्टेशनच्या रस्त्याकडे. मग तो थांबायचा. चांगला थांबायचा. वकील खिशातलं घड्याळ काढून बघायचे, साहेब खोकायचे, हिराजी आपला मान वाकडी करून ऐकत उभा. मग तो पश्चिमेला, खाडीकडे वळायचा आणि तिसरी हाक घालायचा. ही तिसरी मोठी नसायची. पान वाढून ठेवल्यावर घरातल्या माणसाला बोलवावं, तशी असायची. "लक्ष्मण गोपाळ, हाजीर हो रं." तो 'रं' कायद्यात बसत नव्हता, पण साहेबांनी तो कधी काढायला लावला नाही.

एकदा एका वकिलांना गाडी गाठायची होती. ते म्हणाले, "हिराजीभाई, जरा झटपट. तिन्ही एकदम मारून टाक की."

"येऊ तर द्या त्याला, वकीलसाहेब," हिराजी म्हणाला. "तिसरी घातल्याबिगर कसा येईल तो?"

हीच तऱ्हा कोर्टाबाहेर. मला काही सांगायचं असलं की तो दाराशी उभा राहून म्हणायचा, "भाऊसाहेब." मी मान वर केली तरी त्याला चालायचं नाही. पुन्हा, "भाऊसाहेब." आणि तिसऱ्यांदा "भाऊसाहेब" म्हटल्यावर मग कामाचं बोलायचा. उलट त्याला कोणी बोलावलं तर दोन हाकांपर्यंत तो दगड. मला आधी हसू यायचं, मग संताप यायचा, आणि मग सवय झाली.

मासळीबाजारातही मी बघितलं. तो एखाद्या कोळणीला नावाने हाक मारायचा आणि बाई समोर बसलेली असून मान खाली घालून बोंबील निवडत राहायची. तिसऱ्या हाकेला हसून "बोल भाऊ" म्हणायची. मी त्यातल्या एका म्हातारीला विचारलं, ही काय पद्धत.

"दर्यावर सूर्य नसताना जो हाक घालतो, तो कोण ते ठाव नसतं," ती म्हणाली. "जितं माणूस तीनदा बोलावतं. दुसरं कोण असलं तर दोनदाच. तिसरी त्याला घालताच येत नाय."

"पण इथे तर लख्ख ऊन आहे, आणि समोर हिराजी उभा आहे."

"हिराजीला आमी तशीच ओ देतो," म्हातारी म्हणाली आणि तराजू उचलला.

कोर्टात सगळे या प्रकाराची थट्टाच करत होते, रानशेतच्या म्हाताऱ्याचा दिवस येईपर्यंत. वाटणीचा दावा होता, प्रतिवादी रानशेतचा एक वयस्क शेतकरी. हिराजीने दोन हाका घातल्या, थांबला, खाडीकडे वळून तिसरी घातली. बदामाखालून उत्तर आलं, "आलो, आलो." खरखरीत म्हातारा आवाज. मी ऐकला, नाझरसाहेबांनी ऐकला, साहेबांनी ऐकून कागद पुढे ओढले. सगळे दाराकडे बघत बसलो. कोणी आलं नाही. मी उठून बघून आलो. बदामाखाली एक रिकामी बैलगाडी आणि रवंथ करत बसलेले बैल.

दुपारच्या सुट्टीनंतर म्हाताऱ्याचा मुलगा धापा टाकत आला. बाप सकाळीच गेला होता. कोर्टाची तारीख आहे, उशीर होतोय असं म्हणत अंगरखा घालताना गेला.

नाझरसाहेबांनी हळूच विचारलं, "साहेब, जवाब आला पण माणूस आला नाही. काय लिहायचं?"

"मयत लिहा," साहेब म्हणाले. "दुसरं काय लिहिणार?" मग थोड्या वेळाने त्यांनी हिराजीकडे बघितलं. हिराजी म्हणाला, "आला व्हता साहेब. तारीख पाळली त्याने."

त्या रात्री मी खोलीवर जाऊन स्वतःची समजूत घातली की बैलगाडीवाल्यानेच कोणाला तरी उत्तर दिलं असणार. ती समजूत अजून मोडलेली नाही, पण तिच्यावर भार टाकून कधी उभा राहिलो नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. तलासरीकडच्या भागाचा बेलीफ थकला आणि घरी बसला. बेलीफ म्हणजे कोर्टाचं समन्स घेऊन गावोगाव जाणारा, पक्षकाराच्या दारात उभा राहून त्याला हाक मारणारा आणि कागद त्याच्या हातात देणारा माणूस. पट्टेवाल्याच्या वरची जागा. साहेबांनी हिराजीला बोलावून सांगितलं, "अर्ज कर. तुला लागून वर्ष झालेलं नाही हे मला ठाऊक आहे. पण मी शेरा देईन. चार दिवसांत विचार करून सांग."

कचेरीत याचा जो काथ्याकूट झाला, तो बघण्यासारखा होता. नाझरसाहेब म्हणाले, "अजून बिल्ल्याचं पॉलिश वाळलं नाही आणि बढती? उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग." ज्या वकिलांना तेव्हा गाडी गाठायची होती ते म्हणाले, संधी दार ठोठावते तेव्हा तिसऱ्या ठोक्याची वाट बघू नये. यावर सगळे हसले. कोणी म्हणालं, नव्या माणसाने इतक्या लवकर वर बघितलं की जुने त्याचे पाय ओढतात. कोणी म्हणालं, पुन्हा अशी जागा दहा वर्षांत निघणार नाही. सगळ्यांची मतं पुरी झाली, फक्त हिराजीचं निघेना. तो बिल्ला घासत बसला.

त्याचं काय अडलं होतं ते मला संध्याकाळी कळलं. कोर्ट उठल्यावर खिडक्या लावायचं काम त्याचं. खिडक्या लावून झाल्या की तो व्हरांड्याच्या खाडीकडच्या टोकाला जायचा आणि एक नाव पुकारायचा. दिवसाच्या एकाही खटल्यात नसलेलं. "धर्मा." थांबायचा. "धर्मा." पुन्हा थांबायचा. मग तिसरी, हळू, "धर्मा, ये रं." खाडीत भरतीचं पाणी चढत असायचं, किल्ल्याच्या भिंतीवर तांबूस उजेड असायचा, आणि खालच्या कोळीवाड्यात त्या वेळेपुरतं सगळं गप्प व्हायचं. बायका बोलायच्या थांबायच्या, जाळं विणणाऱ्यांचे हात थांबायचे. मी हे रोज ऐकत होतो. पहिल्या आठवड्यात नाझरसाहेबांना विचारलं होतं, तर ते म्हणाले होते, "ए कोर्टनुं काम नथी. विचारू नका."

त्या संध्याकाळी हिराजी हाका घालून आला तो थेट माझ्या टेबलापाशी. तीनदा "भाऊसाहेब" म्हणून झालं आणि तो समोरच्या बाकावर बसला. साहेबांच्या माघारीही तो कधी बाकावर बसत नसे.

"अर्ज करू का नको, तुमी सांगा."

"मी काय सांगू? मीच परवा लागलो."

"म्हणून तर तुमाला इचारतो. जुन्यांना कायतरी ठाव असतं, ते तेच बोलतात."

मग त्याने धर्माचं सांगितलं. धर्मा त्याचा धाकटा भाऊ. बाप तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, आणि हे दोघे भाऊ त्याच्या हाताखाली. थंडीतली पहाट होती, सूर्य उगवायचा होता, धुकं इतकं की होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, मागून दिसत नव्हती. धर्मा लहान होडी घेऊन जाळ्याचं दुसरं टोक बघायला गेला. बराच वेळ परतला नाही. मग धुक्यातून हाक आली.

"पयली आली ती मी वळखली," हिराजी म्हणाला. "धर्माची व्हती. मी तोंड उघडलं, तर बापाने हात ठेवला. या तोंडावर. बोलला, तिसरी येऊ दे. मग दुसरी आली. तीपण वळखली. जरा लांबनं आली. बापाचा हात तसाच. बापालापण वळखू आली असंल ना, भाऊसाहेब? त्याचाच पोर. पण तो तांडेल व्हता, होडीत बाकीची माणसं व्हती. त्याला सगळ्यांना घरी न्यायचं व्हतं. आमी तिसरीची वाट बघत बसलो."

"आणि?"

"तिसरी आलीच नाय."

धुकं निवळलं तेव्हा लहान होडी सापडली, पालथी. धर्मा सापडला नाही. बापाने त्यानंतर होडीवर पाय ठेवला नाही आणि वर्षाच्या आत मेला. हिराजीनेही दर्या सोडला. काही दिवस मासळी सुकवायच्या कामावर गेला, मग कोर्टात लागला. खाडीकडे तोंड असलेल्या व्हरांड्यात उभं राहून हाका मारायची नोकरी दुसरीकडे कुठे मिळाली असती?

"दोन त्याच्या, तीन माझ्या," तो म्हणाला. "त्याला तिसरी नाय घालता आली, म्हणून मी घालतो. रोज. बेलीफ झालो तर तलासरीला ऱ्हावं लागंल. मग संध्याकाळी त्याला बोलवंल कोण?"

मी म्हटलं, विचार कर, घाई नको. असल्या वेळी आपण असलं काहीतरी बोलतो आणि आपण फार समंजस आहोत असं आपल्याला वाटतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोर्टाच्या मागच्या दाराशी एक बाई आली. तरणीच होती, काठाचं लुगडं घट्ट कासोट्याने नेसलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू, डोक्यावर रिकामी टोपली. ही धर्माची बायको, जमना. हिराजीची भावजय. हिराजी पुढे व्हरांड्यात पुकाऱ्यावर होता हे बघूनच आली होती.

"तुमी लिवणारे ना?" ती म्हणाली. "त्यांचा अर्ज लिवा. आजच लिवा."

"त्यांनी ठरवायला हवं, वहिनी."

"ते नाय ठरवणार. ते त्याला बोलावतात, आनी तो येतो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ती तशीच उभी राहून, बाजारातला भाव सांगावा तशा आवाजात सांगत होती. "आमचा कुत्रा उंबऱ्यात पडलेला असतो. दिवसभर उठत नाय, माणसं वरनं उड्या मारून जातात. पण यांची तिसरी हाक झाली की उठतो. बाजूला सरतो. वाट देतो, भाऊसाहेब. मग शेपटी हलवतो. मग परत येऊन पडतो. मी चुलीपाशी बसून बघते. घरात कोण दिसत नाय. पण कुत्रा वळखीच्या माणसाबिगर शेपटी हलवंल का?"

"वहिनी, कुत्र्याला हिराजीचा आवाज माहीत आहे. म्हणून उठत असेल."

"मीपण असंच बोलले मनाला. कितीक महिने बोलले." तिने टोपली डोक्यावरून काढून कडेवर घेतली. "माझ्या कपाळाचं कुंकू कोणाचं ते मला ठाव नाय. जित्याचं का मेल्याचं. बोलत नाय, जेवत नाय, दिसत नाय, आनी रोज घरी येतो. मला असा नवरा नको. दीर चांगला हाय माझा, त्याच्याबद्दल वाईट बोलनार नाय. पण त्याला दूर न्या. हाक थांबली तर तोपण जाईल, आनी मी रडून मोकळी होईन."

बाईच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. एका बढतीच्या अर्जावर एक भाऊ हरवणार होता किंवा एक बाई अडकून पडणार होती, आणि आत बसून नाझरसाहेब नियम काय म्हणतो ते शोधत होते.

हिराजीचं अजून होय-नाही ठरेना, तेव्हा साहेबांनीच तोडगा काढला. तलासरीपलीकडच्या एका पाड्यावर समन्स द्यायचं होतं. ते म्हणाले, "एकदा जाऊन ये. काम कसं असतं ते बघ आणि मग सांग." मला पंच म्हणून त्याच्याबरोबर पाठवलं.

एस.टी.ने आम्ही तलासरीला उतरलो आणि तिथून पायी निघालो. भात कापून झालं होतं, खाचरं उघडी पडली होती. हिराजी जमिनीच्या या बाजूला कधी आलाच नव्हता. समुद्र दिसेनासा झाला तसा तो सारखा मागे वळून बघायला लागला. "इथं वारा कुठनं येतो तेच कळत नाय," तो म्हणाला. पाड्यावर पोचेस्तोवर ऊन उतरलं. कुडाची पाच-सहा घरं, कोंबड्या, मागे बोडका डोंगर. ज्याचं समन्स होतं त्या लाडक्याच्या घरी एक म्हातारी सुपात तांदूळ पाखडत बसली होती. तो रानात गेलाय, येईलच, असं ती म्हणाली.

बेलीफाने दारात उभं राहून पुकारायचं असतं. हिराजीने कोटाची बटणं लावली, बिल्ला सारखा केला आणि हाक घातली. "लाडक्याऽऽ, हाजीर हो." आवाज खाचरांवरून दूर गेला. दुसरी घातली. मग त्याच्या रीतीप्रमाणे थांबला, मान वाकडी करून.

तेवढ्यात डोंगरातून हाक आली.

मी आजपर्यंत ती हाक अनेक वेळा आठवून पाहिली आहे. पुरुषाची होती. लांबवलेली. काय नाव घेतलं ते मला कळलं नाही, नाव होतं की नुसता आवाज तेही सांगता येणार नाही. पण डोंगरात फिरणाऱ्या माणसाची ती नव्हती. गुराख्याची हाक मी ऐकलेली आहे, ती आखूड आणि वरच्या पट्टीत असते. ही सपाट, दूरवर जाणारी होती. एका होडीतून दुसऱ्या होडीला घालतात तशी.

हिराजीचं तोंड पांढरं पडलं. तिसरी पुकारायला वळलेला तो तसाच राहिला. मग त्याने दोन्ही हात तोंडाशी नेले आणि ओ दिली. कोर्टातल्या पुकाऱ्याच्या दुप्पट मोठी. "ओऽऽऽ." म्हातारीच्या कोंबड्या फडफडत घरात शिरल्या.

पुन्हा काही आलं नाही.

म्हातारीचं सूप चालूच होतं. ती म्हणाली, "बरं झालं, ओ दिलीस. रोजचाच आहे तो. ऊन उतरलं का हाक घालतो. आम्ही ओ देत नाहीं. आमचे पाड्याचा नाहीं तो, कोणाचा आहे कोण जाणं."

"किती हाका घालतो, आजी?" हिराजीने विचारलं. त्याचा आवाज पुन्हा नेहमीसारखा, ऐकू येईल न येईल असा झाला होता.

"एकच," म्हातारी म्हणाली. "एक घालतो न् गप रहतो."

हिराजी अंगणातच खाली बसला. थोड्या वेळाने लाडक्या आला, त्याने कागद घेतला, अंगठा उठवला. ते सगळं मी केलं. परतीच्या वाटेवर हिराजी पुढे चालत होता आणि आता एकदाही मागे वळून बघत नव्हता. मी त्याला प्रतिध्वनी कसा होतो ते समजावून सांगितलं. आवाज डोंगराला आपटून उशिरा परत येतो वगैरे. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"असंल," तो म्हणाला. "पण मी तर लाडक्याला बोलावलं व्हतं, भाऊसाहेब. माझं नाव मी कशाला घेऊ?"

दुसऱ्या दिवशी त्याने अर्ज लिहायला सांगितला. नाझरसाहेबांनी विचारलं, "शेवटी नक्की केलं ना? मागाहून पस्तावायचं नाही." हिराजी म्हणाला, "दोन दर्यावर, तिसरी तिकडं. मग मी इकडं काय करू?" नाझरसाहेबांना काही बोध झाला नाही. त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे बघितलं. मी दौतीत टाक बुडवला.

कोर्टात सगळ्यांनी त्याचं अभिनंदन केलं आणि पाठीमागे म्हणाले, बघा, गरिबासारखा दिसतो पण बेरकी आहे, वर्ष व्हायच्या आत वरची जागा मारली.

शेवटच्या संध्याकाळी त्याने खिडक्या लावल्या. मी मुद्दाम रेंगाळलो होतो. नाझरसाहेबही, काही काम नसताना, कुठलासा गठ्ठा सोडून बांधत होते. हिराजी व्हरांड्याच्या टोकाला गेला. खालचा कोळीवाडा गप्प झाला. तो बराच वेळ उभा राहिला. मग त्याने हाक न घालताच पट्टा खांद्यावरून काढला, बिल्ला बाहीने पुसला, आणि पट्टा माझ्या टेबलावर ठेवून निघून गेला. खाली कोळीवाड्यात मात्र माणसं त्यानंतरही किती तरी वेळ गप्प होती.

जमना पुढच्या आठवड्यात बाजारात दिसली. कपाळ मोकळं होतं. डोळे सुजलेले होते, पण मासळीचा भाव ती सगळ्यांत मोठ्या आवाजात सांगत होती. मला बघून म्हणाली, "कुत्रा उठत नाय आता. पडलेला असतो." पुढच्या वर्षी नरपडच्या एका नाखव्याशी तिने पाट लावला. लग्नाला हिराजी तलासरीहून आला होता. भावजयीच्या पदरात नारळ घालताना तो रडला, असं लोक सांगत होते.

मीही नंतर परीक्षा देत देत वर चढलो. वसई, मग ठाणे. महाराष्ट्र झाला. तलासरीजवळ नवी सरहद्द आली आणि हमरस्त्यावरून ट्रक धावायला लागले. काही वर्षांनी एका कामासाठी मी एस.टी.ने वापीकडे निघालो होतो. तलासरीच्या पुढे गाडी रस्त्याकडेला थांबली, इंजिनात पाणी घालायचं होतं. ऊन उतरलेलं. खिडकीतून बाहेर बघितलं तर बांधावर हिराजी उभा. केस पांढरे झाले होते, कोट तोच किंवा तसाच, बाह्या अजून लांब. खांद्याला समन्सांची पिशवी. पाय फाकलेले. त्याची माझ्याकडे पाठ होती आणि तोंड डोंगराकडे होतं.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. मी खिडकीतून डोकं काढून हाक मारली, "हिराजी." तो हलला नाही. अर्थात, कसा हलेल? मी हसलो आणि दुसरी मारली, "हिराजी." त्याने मान किंचित वाकडी केली. वाट बघतोय हे मला कळलं. तिसरी मी जरा थांबून, त्याच्याच पद्धतीने घालायची ठरवली. तेवढ्यात ड्रायव्हर चढला, इंजिन धडधडायला लागलं आणि गाडीला असा हिसका बसला की माझं डोकं चौकटीवर आपटलं. तिसरी हाक तोंडातच राहिली.

सावरून पुन्हा बाहेर बघितलं तेव्हा गाडी वळणाला लागली होती. मी तिसरी हाक घातली नव्हती. हिराजीने दोन्ही हात तोंडाशी नेले होते आणि डोंगराकडे बघून तो ओ देत होता.